योजना पाठ असते, तपासायची कशी?

स्पर्धा परीक्षेच्या तयारीतल्या मुलामुलींना कोणतीही सरकारी योजना विचारा. कधी सुरू झाली, कोणत्या खात्याची, केंद्राचा वाटा किती नि राज्याचा किती, सगळं तोंडपाठ असतं. त्यानंतर मी विचारते, ‘‘बरं, मग या योजनेनं झालं काय?’’ वर्ग गप्प होतो. थोड्या वेळानं जी उत्तरं येतात ती बहुतेक घरून आलेली असतात. ज्याच्या घरी सत्तेतल्या पक्षाची ऊठबस, त्याच्या लेखी योजना उत्तम. दुसऱ्याच्या लेखी सगळा पैसा पाण्यात. तपासलेलं दोघांनीही काही नसतं.

माझी नोकरी झाली ती जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात. तक्ते गोळा करायचे, जुळवायचे, चुकलेल्या बेरजा परत पाठवायच्या, यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी मी एक वर्ग घेते. विद्यापीठात या विषयाला सार्वजनिक धोरण विश्लेषण म्हणतात, त्याची दोन वर्षांची पदवीही मिळते. त्यातली गणितं अवघड असतात हे खरं. पण मूळ सवयी दहावी झालेल्या कुणालाही लागू शकतात, अगदी भाजी निवडत रेडिओवरच्या बातम्या ऐकणाऱ्या बाईलाही. या सवयी मोजक्याच लोकांकडे राहिल्या तर बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या किंवा शिव्या द्यायच्या, एवढंच उरतं. ते मला पटत नाही.

सुरुवात मी एसटीपासून करते, कारण ती सगळ्यांनी पाहिलेली असते.

१७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या सर्व प्रकारच्या बसगाड्यांत महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळू लागली. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. गाड्यांमधली बायकांची गर्दी वाढली हे कुणीही सांगेल. मुलांचा निष्कर्ष तयार असतो: योजना यशस्वी. मी म्हणते, थांबा. कशाच्या तुलनेत वाढली? मुलं सांगतात, आदल्या वर्षीच्या. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये एसटीची स्थिती काय होती? मग एखाद्याच्या लक्षात येतं. कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. मार्च २०२२ मध्ये निम्म्याहून जास्त गाड्या आगारातच उभ्या होत्या. त्याच्याशी तुलना केली तर सवलत नसती तरी २०२३ चा आकडा फुगलेलाच दिसला असता. त्याच्या मागं जावं तर कोविड. म्हणजे धडधाकट तुलनेसाठी २०१९ पर्यंत मागं जायला हवं, आणि मधल्या काळात गाड्या किती कमी झाल्या, तिकीट किती वाढलं हेही धरायला हवं.

या शास्त्राचा पाया इथं आहे. योजना नसती तर काय झालं असतं, हे विचारल्याशिवाय योजनेनं काय झालं हे सांगता येत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला सगळा फरक योजनेच्या खात्यावर टाकायचा नसतो. पाऊस, भाव, संप, निवडणूक, रोगराई यांचाही त्यात हात असतो. खरं तर पुरुष प्रवाशांची संख्याही सोबत पाहिली पाहिजे. त्यांना ही सवलत नव्हती. त्यांची संख्या किती बदलली हे कळलं की संप संपल्यामुळं परतलेले प्रवासी कोणते आणि सवलतीमुळं आलेले कोणते, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

मग मी मुलांना स्थानकावर पाठवते. मोजायला नाही, विचारायला. बाईंना एकच विचारायचं: अर्धं तिकीट नव्हतं तेव्हा ही फेरी कशी करत होता? उत्तरांतून तीन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. काही जणी पूर्वी वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपनं, जात. त्यांचे पैसे वाचले, पण प्रवास नवा नाही, आणि वडापवाल्याचा धंदा तेवढा बसला. काही जणींच्या घरी पूर्वी दवाखान्याचं किंवा बँकेचं काम नवरा करायचा. आता तिकीट निम्मं म्हणून तीच जाते. हा घराचा फायदा, तिचा की तिच्यावर आणखी एक काम, हे तिलाच विचारावं लागतं. आणि काही जणी पूर्वी जातच नव्हत्या. एक आजी मुलीकडं पावसाळ्यानंतर एकदाच जायच्या, आता महिन्याला जातात. माझ्या मते या योजनेचं खरं मोल या तिसऱ्या गटात आहे. प्रवासी वाढल्याचा आकडा या तिघींना एकाच रकान्यात कोंबतो.

आमच्याच वर्गात जत तालुक्यातली एक मुलगी होती. तिनं एकदा जे विचारलं ते मी पुढच्या प्रत्येक तुकडीला सांगते. ‘‘मॅडम, आमच्या वाडीवर एसटी सकाळी एकदा येते नि संध्याकाळी एकदा. अर्ध्या तिकिटाचं आम्ही काय करायचं?’’ अडचण तिकीट महाग असण्याची आहे की गाडी नसण्याची, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या गावांच्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. तेवढ्याच पैशात आणखी गाड्या सोडल्या असत्या तर? कदाचित वाडीवरच्या बायकांचं जास्त भलं झालं असतं आणि हमरस्त्यावरच्या बायकांचं कमी. कोणताही उपाय चांगला की वाईट हे एकट्यानं कळत नाही, दुसऱ्या उपायाशेजारी ठेवल्यावर कळतं. आपल्या चर्चांत हा दुसरा उपाय जवळपास कधीच नसतो. सरकार एक योजना मांडतं, विरोधक ती नको म्हणतात, आणि तिसरं काही होऊ शकतं हे कुणी बोलत नाही.

मात्र या विषयाचा खरा कस लागतो तो रोजगार हमीत. आमच्या जिल्ह्याला तिचा अभिमान आहे आणि असायला हवा. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी ही कल्पना पहिल्यांदा राबवून पाहिली ती १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात. आधी लहान भागात करून पाहायचं, मग राज्यभर न्यायचं, ही रीत आज धोरणाच्या पुस्तकात शिकवतात. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला. दुष्काळ ऐन भरात असताना, १९७३ च्या उन्हाळ्यात, राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर भत्ता. सव्वीस वर्षांनी, २००५ मध्ये, देशाच्या संसदेनं याच वाटेवरचा कायदा केला.

महाराष्ट्राच्या या योजनेत गरीब कोण हे ठरवण्यासाठी दाखला मागितला नव्हता. दारिद्र्यरेषेची यादी नाही, तलाठ्याची सही नाही. उन्हात खडी फोडायची किंवा माती उपसायची, मजुरी बेताची, ती मोजमापावर. ज्याला दुसरीकडं बरं काम मिळतं तो इथं येणारच नाही. म्हणजे कामाची रचनाच गरजू माणसाला निवडते. यादीतून गाळलं जाण्याची भीती नाही आणि वशिल्यानं नाव घुसवण्यात अर्थही नाही. दुसरीकडं पैशाची सोय पाहा. त्यासाठी १९७५ च्या कायद्यानं शहरातल्या पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, इतर काही कर जोडले, आणि राज्यानं आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची ठरवलं. आजही महाराष्ट्रात पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात. माझ्याही पगारातून हा कर कापला गेला आणि तो कशासाठी सुरू झाला हे मला ठाऊक होतं, त्यामुळं तो कधी जड वाटला नाही. वर्गातल्या नोकरदार पालकांच्या मुलांना मी ती चिठ्ठी आणायला सांगते. मुंबईतल्या कारकुनाचा पैसा आटपाडीच्या बांधावर कसा पोचतो हे कागदावर दिसलं की ‘पैसा कोण देतं, कुणाला मिळतो’ हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही.

पण अभिमान आहे म्हणून तपासणी सोडायची नाही. मजुरी मजुराला मिळाली, बरोबर. बांध, विहीर, पाझर तलाव कुणाच्या कामी आला? ज्याची जमीन त्याच्या. १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली तेव्हा डाळिंब-आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या, कोरडवाहू भागात पैसा खेळला. ते चांगलंच झालं, पण बाग लावायला आधी जमीन लागते. मजुरी एका हातात आणि मालमत्ता दुसऱ्या हातात, हे योजनेचं अंग पूर्ण पाहिल्याशिवाय दिसत नाही.

आणि मग १९८८. हा धडा मी सगळ्यात सावकाश शिकवते.

कायदा लागू झाल्यानंतर बरीच वर्षं रोजगार हमीची मजुरी तुटपुंजी होती. किमान वेतनाइतकी मजुरी हा मजुराचा हक्क आहे ही मागणी न्यायालयापर्यंत गेली, आणि ती रास्तच होती. १९८८ च्या मध्यावर शेतमजुरांचं किमान वेतन दुपटीच्या घरात गेलं आणि त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही. सरळ हिशेबानं पाहिलं तर मजुरी वाढली की कामावर येणारे वाढायला हवेत. झालं उलट. कामावरची उपस्थिती उतरली.

मुलांना मी विचारते, का? पहिलं उत्तर असतं, पाऊस चांगला झाला असेल, शेतात काम मिळालं असेल. चांगलं उत्तर आहे, पण ते तपासायला हवं. दुसरं उत्तर वर्गात उशिरा येतं: कामंच कमी निघाली असतील. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी याच प्रश्नावर अभ्यास केला आणि १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष दुसऱ्या उत्तराकडं झुकणारा होता. मजुरी वाढली, खर्च त्या मानानं पेलवेना, आणि मागेल त्याला काम ही हमी सैल पडली. काम मागणारे होते, पण सगळ्यांना मिळेना. ज्यांना मिळालं त्यांचं बरं झालं, ज्यांना परत पाठवलं त्यांची नोंद कुठंच राहिली नाही. हजेरीपटावर आलेल्याचं नाव असतं, परत गेलेल्याचं नसतं. आकड्यांचं काम करणाऱ्या माणसानं रोज स्वतःला बजावावं असं काही असेल तर ते हे.

यावर वर्गात हमखास भांडण होतं. एखादा मुलगा म्हणतो, म्हणजे मजुरी वाढवायला नको होती? नाही, तसं नाही. विश्लेषण इथं थांबतं आणि तिथून पुढं मूल्याचा प्रश्न सुरू होतो. दोन्हींची सरमिसळ करायची नाही, ही शिस्त मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मजुरी वाढवली आणि तरतूद वाढवली नाही तर हमी आटते, ही वस्तुस्थिती. मग तरतूद वाढवायची, मजुरी हळूहळू चढवायची, की कमी लोकांना जास्त द्यायचं, हा निर्णय समाजाचा. माझं मत विचाराल तर मजुरीही हवी आणि तरतूदही हवी, आणि त्यासाठी कर द्यायला माझ्यासारख्या पगारदारांनी कुरकुर करू नये. पण हे माझं मत आहे. मत मांडताना ते तक्त्याच्या आड लपवायचं नाही.

मोजायचं काय, यातही फसगत होते. जलयुक्त शिवार अभियानात किती बंधारे झाले, किती लांबीचे नाले खोल केले हे आकडे आपण पुष्कळ ऐकले. कॅगचा २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेला अहवाल मात्र वेगळं विचारत होता. पाण्याची गरज भागली का, भूजल वाढलं का? सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही या दोन्ही बाबतींत परिणाम अल्प, असं त्यात म्हटलं आहे. त्यावरून राजकारण पेटलं. मी वर्गात एवढंच सांगते की बंधारा हे केलेलं काम आहे, विहिरीतलं पाणी हा परिणाम आहे, आणि पावसाचा हिशेब वजा केल्याशिवाय दोन्ही बाजूंना बोलण्याचा अधिकार नाही.

हे सगळं शिकायला साधनं कोणती? आपल्याला वाटतं त्याहून ती जवळ आहेत. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मुलं तो वरून वाचतात, प्रस्तावनेतली मोठी वाक्यं अधोरेखित करतात. मी त्यांना पात्रतेच्या अटींपासून वाचायला लावते आणि तिथून लेखाशीर्षावर, म्हणजे पैसा नेमका कोणत्या खात्यातून येणार यावर नेते. अटी वाचताना एकच विचार करायचा, यात कोण गळतं? अर्जाची मुदत दिवाळीनंतर असेल आणि लाभार्थी ऊसतोड कुटुंब असेल, तर ते तेव्हा कारखान्याच्या फडावर असतं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईकडं ना घटस्फोटाचा कागद, ना पतीच्या मृत्यूचा दाखला. तिला गाळायला अटीतला एक शब्द पुरेसा आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात शेजारी शेजारी तीन रकाने असतात: अंदाज, सुधारित अंदाज, आणि आधीच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम. वर्तमानपत्रात मथळा होतो पहिल्याचा. सरकारचा खरा कल कळतो तिसऱ्यावरून. याशिवाय अर्थसंकल्पाच्या तोंडावर येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी असते. तिच्यामागं आमच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयातल्या माणसांचे कष्ट आहेत, ती मराठीत आहे, आणि ती वाचणारे फार कमी आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरकारचे आकडे असे तपासणं आपल्याकडं नवंही नाही. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात भरणाऱ्या देशाच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा सरकार शिलकी अर्थसंकल्पाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांनी विचारलं, दुष्काळ आणि प्लेगनं माणसं मरत असताना तिजोरीत शिल्लक येते कुठून? त्यांचं उत्तर हिशेबाचं होतं. इंग्लंडला पौंडात द्यायच्या रकमा रुपया घसरला तेव्हा महाग पडत होत्या, म्हणून कर चढवले गेले. पुढं तेरा पेन्सांपर्यंत घसरलेला रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला, गरज संपली, पण कर तसेच राहिले. शिल्लक ही भरभराटीची खूण नसून लोकांकडून जास्तीचं घेतल्याची खूण आहे. १८८८ मध्ये मणामागं दोन रुपयांवरून अडीच रुपये केलेला मिठावरचा करही त्यातलाच. तो कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एक रुपयावर. एकट्या गोखल्यांच्या भाषणानं हे झालं असं मी वर्गात म्हणू देत नाही, कारण तुलनेचा जो नियम एसटीला लावला तोच इथंही लागतो.

गोखले हे शिकले कुठं? न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी सरकारी अहवाल पिंजून काढताना. आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्याकडून. हे जोशी पेशानं शाळामास्तर, सोलापूरच्या शाळेत मुख्याध्यापक. सरकारी आकडेवारीवर त्यांची अशी पकड होती की १९०२ च्या त्या भाषणाच्या तयारीसाठीही गोखल्यांनी त्यांची मदत घेतली. आज त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. एका जिल्ह्याच्या गावातला शाळामास्तर देशाच्या अर्थसंकल्पाची चिरफाड करू शकत होता, आणि तेव्हा त्याच्याकडं ना इंटरनेट होतं ना माहितीचा अधिकार.

आपल्याकडं दोन्ही आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार लाभार्थ्यांच्या याद्या आणि खर्च कार्यालयानं न मागता जाहीर करायचा असतो. ग्रामसभेत त्यावर बोलण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक मतदाराला आहे. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या गावात चालू असलेली एकच योजना निवडा, शक्यतो तुम्हाला आवडणारी. तिचा शासन निर्णय काढून पूर्ण वाचा. अडचण कुणाची होती, याच पैशात दुसरं काय करता आलं असतं, अटींत कोण गळलं आणि फरक पडला हे कशावरून कळेल, एवढं एका पानावर लिहा. मग २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात ते पान उभं राहून वाचा आणि इतिवृत्तात नोंदवायला सांगा.